१०६ ते १२६ : घाट चढणाऱ्या सिटीचा हिशेब

१०६, ७८, ११८, ११९, १२१, १२६. होंडा सिटीच्या भारतातल्या पाच पिढ्यांमधल्या पेट्रोल गाड्यांची ही अश्वशक्ती. पहिला आकडा २०००चा, शेवटचा २०२२चा. बावीस वर्षांत भर पडली ती फक्त २०ची, आणि मध्ये ७८चा मोठा खड्डा. नुसते हे आकडे वाचले तर वाटेल की ही गाडी जागच्या जागी उभी राहिली. पनवेलहून दर आठवड्याला लोणावळा-पुण्याकडे जाणाऱ्याला मात्र हे पटणार नाही, कारण चढावर त्याच्या पायाखाली काय बदललं ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

  नव्वदच्या दशकाच्या शेवटी मध्यमवर्गाला स्वप्नात तरी परवडेल अशी जपानी, देखणी आणि पळणारी डिकीवाली गाडी म्हणजे मित्सुबिशीची लान्सर किंवा सिटी. सिटी १९९८ मध्ये ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून आली. भारतातली ही पहिली पिढी जगाच्या हिशेबात तिसरी. आधीच्या दोन छोट्या हॅचबॅक होत्या. ही सेडान खास आशियाई बाजारांसाठी केलेली.

२००० मध्ये तिला १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन मिळालं आणि त्याच सुमारास कळंबोलीपासून निघणारा ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. हा योग पनवेलकरांच्या पथ्यावर पडला. त्या काळातल्या इथल्या सिटींवर रायगडची एमएच-०६ पाटी असे. पनवेलची स्वतःची एमएच-४६ नंतर आली. जुनी पाटी असलेली व्हीटेक अजून एखाद्या सोसायटीच्या आवारात कव्हरखाली दिसली की मी थांबून बघतो.

अशाच एका गाडीतून मी घाट चढलो होतो, घाटातला जुना अमृतांजन पूल अजून उभा होता तेव्हा. डाव्या लेनमध्ये कंटेनरची रांग. मित्राने गाडी चौथ्यातून तिसऱ्यात टाकली. क्षणभर काहीच नाही, मग काटा वर सरकला, इंजिनाचा सूर पालटला आणि गाडी सुसाट सुटली. झडपा उघडणाऱ्या कॅमला या इंजिनात दोन आकार होते, एक सावकाश चालण्याचा आणि एक धावण्याचा. फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने पिन सरकते आणि झडपा जास्त खोल, जास्त वेळ उघडतात. पण १०६ अश्वशक्ती पुरती हाती यायला मिनिटाला साडेसहा हजारांच्या वर फेऱ्या लागत. ती मिळायची, पण मागून घ्यावी लागायची.

आता घाटाचं गणित. पनवेल ते लोणावळा चढ साधारण ६०० मीटरचा. गाडी ११०० किलोची, चार माणसं २६० किलोंची, सामान ४० किलो. एकूण १४०० किलो. एवढं वजन ६०० मीटर उचलायला सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल असतात, पण चाकापर्यंत त्यातला चौथा हिस्सा पोचतो, म्हणजे ८० लाख. नुसता चढ चढायला जवळजवळ एक अख्खं लिटर. रस्त्याचं घर्षण आणि वारा यांचा खर्च वेगळा.

ताकदीचंही बघू. पाच टक्के चढावर ताशी ६० किलोमीटरने हेच वजन ओढायला जेमतेम १६ अश्वशक्ती लागते. वारा आणि टायर धरून २५ म्हणा. मग ७८ कमी कशी? २००३च्या सिटीवर शौकिनांनी राग धरला, तो मला तेव्हाही पटला नव्हता. लिटरमागे ७१ अश्वशक्तीवरून गाडी ५२वर आली हे खरं. पण त्या आय-डीएसआय इंजिनात दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते आणि जोर तीन हजार फेऱ्यांच्या आतच मिळायचा. भाजी मार्केटपासून स्टेशनपर्यंत दिवसभर दुसऱ्या-तिसऱ्यात फिरणाऱ्या घराला हेच हवं होतं. लोकांनी तिला लाडाने ‘डॉल्फिन’ म्हटलं, ॲव्हरेजचं कौतुक केलं. उणीव एकच, आणि ती घाटात उघडी पडायची. सरळ चढायला २५ पुरतात, पण पुढच्या लेनमधली जागा बंद व्हायच्या आत कंटेनर मागे टाकायला त्याच्या तिप्पट-चौपट लागतात. म्हणून पुढे याच गाडीत १०० अश्वशक्तीचं व्हीटेकही द्यावं लागलं.

२००८ मध्ये ११८ आली आणि वाद मिटला. लिटरमागे ७९. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : त्या वर्षी दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलना मिळाल्या. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या घरांसाठी हा आकडा अश्वशक्तीच्या वर लिहायला हवा. २०१४ मध्ये १०० अश्वशक्तीचं आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्कचं डिझेल आलं. २०२३ मध्ये ते बंद झालं.

लांबी मात्र थांबली नाही. २००३ मध्ये ४३१० मिलिमीटर, २००८ मध्ये ४४२०, मग ४४४०, आणि २०२० मध्ये ४५४९. रुंदी १६९५ वरून १७४८ झाली. जुन्या पनवेलच्या गल्ल्यांत हे मिलिमीटर आरशाला जाणवतात. इंजिन मात्र दीड लिटरच्या पुढे गेलं नाही, त्याला कराचंही कारण आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत १५०० सीसीच्या आतल्या अशा गाडीवर उपकर धरून ४५ टक्के कर होता, त्यापुढे ४८. वाढायचं ते या रेषेच्या आत राहूनच.

त्या रेषेच्या आतली सगळ्यात हुशार गाडी २०२२ची हायब्रिड. कागदावर १२६ अश्वशक्ती, पण खरा आकडा २५३ न्यूटन-मीटर. साध्या पेट्रोलचा १४५. बहुतेक वेळ चाकं मोटार फिरवते, इंजिन तिच्यासाठी वीज बनवतं आणि महामार्गाच्या वेगाला क्लच लागून ते थेट चाकांना जोडलं जातं. मोटारीला फेऱ्यांची वाट बघावी लागत नाही. व्हीटेकमध्ये जे मागून घ्यावं लागायचं ते इथे पाय ठेवताच मिळतं. या गाडीला मी त्या एमएच-०६ची खरी वारस मानतो, आवाज नसला तरी.

पैशांचा हिशेब तितका गोड नाही. प्रमाणित चाचणीत साधं पेट्रोल लिटरला १७.८ किलोमीटर, हायब्रिड २६.५. महिन्याला १००० किलोमीटर धरले तर साडेअठरा लिटर वाचतात. १०५ रुपये भावाने सुमारे १९४० रुपये. बाजारात आली तेव्हा हायब्रिडची शोरूम किंमत १९.४९ लाख होती, वरच्या ऑटोमॅटिक पेट्रोलपेक्षा चार लाखांहून जास्त. एवढ्या फिरण्यात हा फरक भरून निघायला सतरा-अठरा वर्षं जातील. रोज पनवेल-मुंबई ये-जा करून महिन्याला २००० किलोमीटर काटणाऱ्याने मात्र गणित मांडून बघावं.

आणि उतार. वर चढवलेले ते ८२ लाख ज्यूल खाली येताना कुठेतरी जायलाच हवेत. साध्या गाडीत त्यातला बराच भाग ब्रेकच्या तबकड्या तापवतो. हायब्रिडची मोटार त्याच भागाची वीज करते; बॅटरी लहान असल्याने तो सगळा परत मिळत नाही, पण काही मिळतो. मागच्या पावसाळ्याआधी घाट उतरून खालापूरजवळ थांबलो, तेव्हा दोन सिटी शेजारीशेजारी उभ्या होत्या, एक जुनी आणि एक नवी हायब्रिड. जुनीच्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर चुलीसारखी धग लागली. नवीच्या चाकाजवळ हात बराच वेळ धरता आला.