मेकव्हॉटइज गेलं कुठे?

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, जुन्या स्क्रिप्टमधली मेकव्हॉटइज कमांड नव्या सर्व्हरवर चालतच नाही. 'कमांड नॉट फाउंड' येतं. सिस्टीम बिघडली का?" आज एवढाच प्रश्न घेऊ.

बिघडलं काही नाही, नाव बदललंय. रेड हॅटच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत मेकव्हॉटइज मिळायचं. २०१४ साली सातवी आवृत्ती आली, तिच्यात मॅन-डीबी हे पॅकेज आलं आणि त्याच कामाची कमांड झाली मॅनडीबी. डेबियन आणि उबुंटूवरही हीच. मॅकवर मात्र मेकव्हॉटइज अजून आहे, पण ते 'यूएसआर' मधल्या 'लिबएक्झेक' फोल्डरमध्ये असतं. शेल तिथे शोधत नाही, म्हणून पूर्ण पत्ता टाइप करावा लागतो. म्हणजे एकच संदेश, कारणं दोन वेगळी.

आता ही कमांड करते काय? प्रत्येक मॅन पेजचं नाव आणि एका ओळीतलं वर्णन घेऊन सूची बनवते. अ‍ॅप्रोपॉस आणि व्हॉटइज फक्त ही सूची चाळतात. पण 'मॅन एलएस' म्हटलं की थेट पान उघडतं, त्याला सूची लागत नाही. निदान इथेच होतं बघा. मॅन एलएस उघडतंय आणि अ‍ॅप्रोपॉसला काहीच सापडत नाही? मग सूची नाही किंवा जुनी आहे. सुडो लावून मॅनडीबी चालवा. सुडो विसरलात तर सिस्टीमची सूची तशीच राहील, हे नेहमी होतं. मॅन एलएससुद्धा उघडत नसेल, तर सूचीच्या मागे लागू नका.

कारण मग पानंच नसतात. कंटेनरच्या लहान इमेजमध्ये जागा वाचवायला ती मुद्दाम गाळलेली असतात. डेबियनच्या स्लिम इमेजमध्ये डीपीकेजीला सूचनाच दिलेली असते, 'मॅनच्या फोल्डरमधलं काही उतरवू नकोस.' लोक मॅन-डीबी इन्स्टॉल करतात, मॅनडीबी बिनतक्रार चालते, आणि सूची रिकामी ती रिकामीच! आधी ती वगळण्याची ओळ काढायची, मग हवी ती पॅकेजं पुन्हा इन्स्टॉल करायची. फेडोराच्या इमेजमध्ये हेच 'नोडॉक्स' नावाने लिहिलेलं सापडेल. उबुंटूने या सगळ्यासाठी 'अनमिनिमाइझ' अशी वेगळी कमांडच दिली आहे.

मी स्वतः यात सापडलोय. सर्व्हरच्या खोलीत इंटरनेट नाही, मोबाइल दारावर जमा, रात्रीचा दीड वाजलेला. जुना बॅकअप उघडायचा होता, पण दिवसभरात बदललेल्या फायलींवर एक अक्षरही पुन्हा लिहिलं जाता कामा नये. टारचा तो पर्याय आठवेना आणि मॅन टार म्हणतंय, पान नाही. अंदाजाने एंटर दाबायची हिंमत झाली नाही. शेवटी 'टार, दोन वजा, हेल्प' टाइप केलं. ती मदत प्रोग्रॅमच्या पोटातच असते, पानं गाळली तरी जात नाही. तिथे सापडलं: 'कीप-ओल्ड-फाइल्स'.

मागून प्रश्न आलाय, आधी कधी हात लावावा लागला नाही तो का? कारण डेबियन-उबुंटूवर पॅकेज बसताच सूची आपोआप ताजी होते, शिवाय रोजचा टायमरही असतो. हाताने मॅनडीबी लागते ती तुम्ही स्वतः बनवलेली पानं 'लोकल'मध्ये ठेवता तेव्हा. पान कसं लिहायचं ते पुढच्या गुरुवारी बघू.