आधी पाण्याचा दिवस विचारा
पॉडकास्ट करू या : लेखांक 5

मागच्या आठवड्यात आपण माइक घेतला, खोलीतला घुमारा कमी केला. आता त्या माइकसमोर बसणारं माणूस आणायचं.

हिमरू कापड विणणाऱ्या एका विणकराला मी फोन केला. "चाचा, बुधवारी अकराला येऊ का?" ते म्हणाले, "बुधवारी नळाला पाणी येतं, बेटा. गुरुवारी या." छत्रपती संभाजीनगरच्या अनेक वसाहतींत पाणी कित्येक दिवसांच्या खंडाने येतं. तो दिवस हुकला, तर घराचा आठवडाच बिघडतो. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : तुमच्याकडे पाण्याचा दिवस कोणता? मग शुक्रवारची नमाज, रमजान, शेतकऱ्याची पेरणी, प्राध्यापकांच्या परीक्षा. आपली वेळ या सगळ्यानंतर.

पहिल्या फोनवर पाच गोष्टी स्पष्ट सांगा : विषय काय, किती वेळ लागेल, व्हिडिओ असेल का, कार्यक्रम कुठे ऐकायला मिळेल, मानधन किंवा प्रवासखर्च देणार की नाही. त्याच गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करा. मुख्य किस्सा मात्र फोनवर ऐकू नका. एकदा सांगून झालेली गोष्ट माइकसमोर निम्मी होते. पाहुणा "तुम्हाला सांगितलंच की" म्हणून पुढे जातो.

एक वही ठेवा. नाव, फोन, ओळख कुणी करून दिली, रेकॉर्डिंगची तारीख, संमती, प्रसारणाची तारीख. अचानक कुणाच्या घरी दुखणं निघालं तर आयत्या वेळी येऊ शकतील अशी दोन नावंही त्यात असू द्या.

गुरुवारी गेलो तेव्हा चाचा खुर्चीत बसून एका वाक्यात उत्तरं देत होते. मी विचारलं, "मागावर बसून बोलता का?" सुताचा ताणा, रेशमाचा बाणा समजावताना त्यांनी धोटा हातात घेतला आणि मग चाळीस मिनिटं थांबले नाहीत. माग चालू असताना शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून बोलणं माग थांबवून घेतलं आणि खडखडाट दोन मिनिटं वेगळा टिपला. पाहुण्याला त्याच्या जागी भेटण्याचा फायदा हा असा.

संमती एकदाच घेऊन भागत नाही. नामांतर आंदोलनाच्या आठवणी घ्या. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 1978 साली झाला, प्रत्यक्ष नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी मार खाल्ला, घरं गमावली. अशा आठवणी सांगताना पाहुणा भरात दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन जातो. प्रसारणाआधी त्याला तो भाग ऐकवा आणि तो म्हणाला तर काढून टाका. एक भाग थोडा फिका झाला तरी चालेल. त्या माणसाला आपल्या गल्लीत राहायचं असतं. आणि अशी रेकॉर्डिंगं लांबवू नका. 1978 साली विशीत असलेले आंदोलनातले कार्यकर्ते आज सत्तरीच्या आसपास आहेत.

भाग प्रसारित झाल्यावर नुसती लिंक पाठवून मोकळे होऊ नका. चाचांकडे साधा फोन आहे, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो आणि नातवाच्या मोबाइलवर भाग लावून दिला. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. पैठणच्या एका पैठणी विणकराचं नाव त्यांनी सुचवलं, त्यांच्याशी बोलूनही ठेवलं होतं. वर म्हणाले, "सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी ते बाजाराला जातात."

(पुढच्या आठवड्यात : प्रश्न कसे काढावेत)