तात्पर्य न सांगणारा दाखला

लहानशी गोष्ट सांगून आयुष्याचा धडा देण्याची प्रथा ख्रिस्ती धर्मात आरंभापासून आहे. मराठी बायबलमध्ये येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या अशा गोष्टींना ‘दाखले’ म्हटले जाते. चर्चमधील प्रवचनांत आणि मुलांच्या संडे स्कूलमध्ये ते आजही सांगितले जातात. त्यांतील सर्वांत परिचित असलेल्या ‘चांगल्या शोमरोन्या’च्या दाखल्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात तात्पर्य सांगणाराने नव्हे, तर ऐकणाराने काढायचे आहे.

हा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात येतो. शेजाऱ्यावर प्रेम करावे, ही धर्मशास्त्राची आज्ञा मान्य असलेला एक शास्त्री येशूला विचारतो, की शेजारी नेमका कोणाला म्हणायचे? उत्तरादाखल येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारू एका प्रवाशाला मारहाण करून अर्धमेल्या अवस्थेत टाकून जातात. एक याजक त्याला पाहून पलीकडून निघून जातो. मंदिराच्या सेवेतील लेवीही तेच करतो. त्यानंतर आलेला शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि पुढील शुश्रूषेसाठी दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची साधारण दिवसाची मजुरी.

येथील शोमरोन्याची निवड सहज झालेली नाही. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. उपासनेचे खरे स्थान यरुशलेम की गरिज्जीम पर्वत, हा त्यातील एक मोठा वाद. म्हणजेच श्रोत्यांना जो तिरस्करणीय वाटे, तोच गोष्टीतला भला माणूस ठरतो. याजक आणि लेवी का थांबले नाहीत, याचे कारण मूळ गोष्टीत दिलेले नाही. विटाळाचे भय, लुटारूंची धास्ती ही कारणे पुढे भाष्यकारांनी सुचवली.

गोष्टीनंतर येशू मूळ प्रश्नच उलटवतो: या तिघांपैकी जखमीचा शेजारी कोण ठरला? ज्याने दया केली तो, असे शास्त्री म्हणतो. ‘शोमरोनी’ हा शब्द तो उच्चारत नाही. शेजारी कोणाला मानावे, याची मर्यादा विचारणाऱ्याला आपण स्वतः कोणाचे शेजारी होतो, या प्रश्नाला सामोरे जावे लागते.

ही रीत बायबलच्या जुन्या करारातही आढळते. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट नाथान संदेष्टा दावीद राजाला सांगतो. राजा संतापून त्या श्रीमंताला देहान्ताच्या योग्य ठरवतो. तो अपराधी स्वतः राजाच आहे, हे नाथान त्यानंतर उघड करतो.

मध्ययुगीन युरोपात, विशेषतः १३ व्या शतकात, फिरत्या धर्मोपदेशकांसाठी अशा बोधकथांचे संग्रह तयार झाले. त्यांपैकी ‘गेस्टा रोमानोरम’मध्ये प्रत्येक कथेपुढे तिचा आध्यात्मिक अर्थ जोडलेला आहे. मराठीत महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’तील ११४ दृष्टांतांची मांडणीही सूत्र, दृष्टांत आणि अर्थ उलगडणारे दार्ष्टांतिक अशी आहे. अर्थ हाती देण्याचा लाभ असा, की श्रोता भरकटत नाही. पण त्यामुळे स्वतःबद्दल निर्णय करण्याचे त्याचे काम हलके होते.

शोमरोन्याचे नाव पुढे कायद्यातही आले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याचा पोलिसी ससेमिऱ्यापासून बचाव व्हावा, यासाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ‘गुड समॅरिटन’ला संरक्षण मिळाले. सद्‌भावनेने मदत करताना हयगय होऊन जखमीला इजा झाली वा मृत्यू आला, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

थांबणाऱ्याला वाटणारे भय कायद्याने कमी करता येते. पण रस्त्यात पडलेला माणूस आपल्या जातीचा, धर्माचा वा ओळखीचा नसतानाही थांबायचे की नाही, हा निर्णय दाखल्याने दोन हजार वर्षांपूर्वी श्रोत्यावर सोपवला, तो आजही त्याच्याकडेच आहे.