भंगाराची गाडी, चौदा तासांची शर्यत

डमडम जंक्शनवर बराकपूरकडे जाणारी लोकल पकडली की अर्ध्या तासात माणूस तिथे पोचतो. बराकपूर म्हटलं की आपल्याला मंगल पांडे आठवतो. जुन्या कोलकात्यातल्या गाडीवेड्यांना मात्र आठवते ती तिथली धावपट्टी. मद्रासजवळची शोलावरम, मुंबईतली जुहू आणि ही बराकपूरची, अशा विमानांच्या पट्ट्यांवर एके काळी मोटारींच्या शर्यती भरत. रेसिंग ट्रॅक नावाची वस्तूच तेव्हा देशात नव्हती. पट्टीवर खुणा मांडायच्या, त्यांनाच वळणं म्हणायचं आणि गाड्या सोडायच्या.

गाड्या तरी कोणत्या? परदेशी गाडी आणायची तर आयातीचे निर्बंध आडवे. संस्थानिक आणि चार-दोन धनिक सोडले तर बाकीच्यांकडे जे होतं तेच शर्यतीत उतरायचं. हुगळीपलीकडच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट, मद्रासची हेराल्ड. शनिवारी शर्यत आणि सोमवारी त्याच गाडीतून ऑफिस, असा हा प्रकार.

स्वस्तातली, कुणाला नकोशी झालेली गाडी घ्यायची, तिच्यावर रात्री घालवायच्या आणि तिला शर्यतीत पळवायचं, हा उद्योग जगात सगळीकडे चालत आला आहे. त्याला नियमांची पक्की चौकट मिळाली ती २००६ मध्ये, कॅलिफोर्नियात. जे लॅम या मोटार-पत्रकाराने तिथे ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची शर्यत सुरू केली. फ्रान्समध्ये १९२३ पासून चालत आलेल्या ल मान्सच्या चोवीस तासांची ही उघड उघड टर होती. अट एकच, पण जबर: गाडीची किंमत, दुरुस्ती धरून, पाचशे डॉलरच्या आत हवी. तेव्हाच्या दराने हे बावीस-तेवीस हजार रुपये झाले. त्या पैशांत अमेरिकेत धड चालणारी गाडीही मिळत नाही. मिळते ती अंगणात गंजत पडलेली, जिला बायको रोज नावं ठेवते अशी.

पाचशेची मर्यादा पाळली जाते कशी, हा पहिला प्रश्न. शर्यतीआधी प्रत्येक गाडी पंचांसमोर जाते. इंजिन कुठून आणलं, शॉकॲब्सॉर्बर नवे दिसतात ते कितीला पडले, अशी उलटतपासणी होते. मर्यादेच्या वर दर दहा डॉलरमागे शर्यतीतला एक फेरा कापला जातो. पंचांना खाण्यापिण्याची लाच दिलेली चालते, आणि ती चारचौघांत द्यायची असते. खरी मेख वेगळीच आहे. शर्यत संपल्यावर तुमची गाडी पाचशे डॉलरला विकत घेण्याचा हक्क आयोजक राखून ठेवतात. दहा हजार डॉलर ओतून ‘पाचशेची गाडी’ म्हणून मिरवणाऱ्याला हे कलम झोपू देत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आणखी एक शिक्षा होती. सगळ्या संघांनी मत देऊन एक गाडी निवडायची आणि ती तिथल्या तिथे यंत्राखाली चिरडायची.

या खेळाला विदूषकी अंग आहे आणि ते मुद्दाम जपलेलं आहे. जेफ ब्लॉक या पोलीस अधिकाऱ्याने २०१३ मध्ये चक्क सेस्ना विमानाचा सांगाडा टोयोटा व्हॅनच्या चेसिसवर चढवून शर्यतीत पळवला. डमडमच्या विमानतळावर आयुष्य काढलेल्या एखाद्या मिस्त्रीला तो पाहून काय वाटलं असतं कोण जाणे. ब्लॉकने आधी एका शेवरोले कॅमॅरोचं कवच उलटं बसवून, चाकं आकाशाकडे करूनही गाडी पळवली होती. गंमत म्हणून हे ठीक. पण नाव चोवीस तासांचं असलं तरी प्रत्यक्षात या शर्यती बहुधा चौदा-पंधरा तासांच्या असतात; एवढा वेळ गाडी पळवत ठेवणं ही गंमत नव्हे, आणि या खेळाची खरी गोडी तिथेच आहे.

अशा शर्यतीत उतरणारी नकोशी स्पोर्ट्स कार म्हणजे काय, ते पोर्शे ९२४ वरून कळतं. पोर्शेने ही गाडी मुळात फोक्सवॅगनसाठी आखली होती. फोक्सवॅगनने अंग काढून घेतलं, तेव्हा पोर्शेने ती १९७६ मध्ये आपल्याच नावाने बाजारात आणली. इंजिन ऑडीच्या घराण्यातलं, दोन लिटरचं, १२५ अश्वशक्तीचं. पोर्शेच्या भक्तांनी नाकं मुरडली. त्यांच्या लेखी इंजिन मागे असेल तरच ती पोर्शे. वास्तविक ९२४ चं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलला असल्याने वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं वाटलेलं आहे आणि वळणावर ती उत्तम बसते. १९८० मध्ये खुद्द ल मान्सला तीन ९२४ उतरल्या. सहावी, बारावी आणि तेरावी येऊन तिन्ही शेवटपर्यंत टिकल्या. तरी भक्तांचं मत काही बदललं नाही.

तिच्यातूनच १९८२ मध्ये ९४४ आली. तिचीही पुढे हीच गत झाली, कारण जुन्या पोर्शेची किंमत उतरते पण सुट्या भागांची उतरत नाही. ९४४ चा टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतात, वॉल्व्ह वाकतात आणि हेड खोलावं लागतं. त्या दुरुस्तीचं बिल जुन्या गाडीच्या किमतीपुढे निघून जातं. मालक कंटाळून ती मिळेल त्या भावाला काढतो. स्वस्त शर्यतवाला नेमका याच क्षणाची वाट पाहत बसलेला असतो. माझदाची मियाटा, टोयोटाची एमआर-टू, पाँटियाकची फिएरो या सगळ्या कधी ना कधी याच वाटेने गेल्या. फिएरोच्या नशिबी तर इंजिनाला आगी लागण्याची कुप्रसिद्धीही आली.

गाडी घरी आली की पहिलं काम म्हणजे ती रिकामी करणं. सीट, गालिचे, दारांचे पुठ्ठे, एसी, सगळं बाहेर. तळाला आवाज दाबायला चिकटवलेले डांबराचे जाड तक्ते असतात. ते खरवडता खरवडता हात भरून येतात. अनुभवी लोक त्यांच्यावर कोरडा बर्फ पसरतात. डांबर गारठून कडक झालं की हातोडीच्या टोल्याने खपल्या निघतात. शंभरेक किलो वजन असं उतरवता येतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

मग येतो रोल केज. गाडी उलटली तर चालकाचं डोकं वाचवणारा हा पोलादी पिंजरा. चालकाच्या मागे मुख्य कमान, तिला मागून तिरपे आधार, मध्ये कर्ण, दारांच्या उंचीला आडवे पाइप. पाइप दीड इंची, ठरलेल्या जाडीचा. जिथे तो गाडीच्या पत्र्याला टेकतो तिथे आधी जाड पट्टी वेल्ड करायची, नाहीतर आपटल्यावर पाइप पत्रा फोडून खाली उतरतो. वेल्डिंग पाइपच्या चारही बाजूंनी पूर्ण हवं. छताला चिकटून जाणाऱ्या जोडाच्या वरच्या अंगाला टॉर्च पोचत नाही, म्हणून काही जण तळाला भोकं पाडून अख्खा पिंजरा खाली उतरवतात, वरचा जोड पुरा करतात आणि पुन्हा उचलून बसवतात. केज, रेसिंग सीट, पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस, अग्निशामक, सगळी वीज एका झटक्यात तोडणारं बटण, आग सोसणारे कपडे, हेल्मेट आणि मान जखडणारा पट्टा यांचा खर्च पाचशेत धरत नाहीत. ब्रेक आणि टायरही धरत नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे इथे शब्दशः खरं आहे आणि तसंच असायला हवं. जिवाशी गाठ असलेल्या वस्तूत काटकसर करायचा मोहच पडू नये, म्हणून नियम असा घातला आहे.

यानंतर नवशिक्याचा हात इंजिनाकडे जातो, आणि तिथेच तो फसतो. लांब शर्यतीत ताकदीपेक्षा टिकाऊपणा पैसे वसूल करतो. हिशेब करून पाहा. दोन मिनिटांचा एक फेरा, चौदा तासांत ४२० फेरे. तुमची गाडी दर फेऱ्याला तीन सेकंद मागे पडली तरी दिवसाअखेर २१ मिनिटांची पिछाडी होते. शेजारच्या वेगवान गाडीचा गिअरबॉक्स बसला आणि तो बदलायला त्यांना दोन तास लागले, की तुम्ही आरामात पुढे.

म्हणून जुने खेळाडू ऑइल चेंबरपासून सुरुवात करतात. रस्त्यावर गाडी लांब वळण जोरात घेत नाही. ट्रॅकवर घेते, फेऱ्यामागून फेरा घेते. तेव्हा चेंबरमधलं ऑइल एका अंगाला चढतं, तळाची नळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. क्षण-दोन क्षणांचाच खेळ, पण क्रँकच्या बेअरिंगला तेवढा पुरतो. ९४४ मध्ये दुसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग यासाठी बदनाम आहे. उपाय साधा आहे: चेंबर खोलून आत पत्र्याच्या आडभिंती वेल्ड करायच्या, म्हणजे ऑइल एकदम पळत नाही.

ब्रेकचंही तसंच. डॉट-४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पण ते हवेतली वाफ पीत असतं आणि पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. ट्रॅकवर ते उकळलं की नळीत बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. चालकाचा पाय थेट तळाला लागतो, गाडी मात्र थांबत नाही. नवं ऑइल, उष्णता सोसणारे पॅड आणि बंपरमधून चाकापर्यंत हवा नेणारा एक लवचीक पाइप एवढ्यावर हे संकट टळतं. रेडिएटर, पाण्याचे होस, चाकांची बेअरिंग, फॅन बेल्ट ही बाकीची मंडळी. यांतलं काहीच दिसायला देखणं नाही.

आता प्रश्न उरतो आपला. भारतात हे जमेल का?

गाडी तर आहे. १९८२ पासून बंगळुरूत बनलेली सिपानी डॉल्फिन आठवा. ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली, दोन दारांची, फायबरच्या बॉडीची, ८४८ सीसीची. फायबरची गाडी म्हणून लोकांनी ती नाकारली, मारुती ८०० आल्यावर तिचं उरलंसुरलं गिऱ्हाईकही गेलं. पण वजन सहाशे किलोच्या आत. बाजारात हरलेली ही गाडी रॅलीवाल्यांनी डोक्यावर घेतली आणि मोठ्या गाड्यांना घाम फोडला. कुर्ल्याच्या प्रीमियरची ११८ एनई हीही त्यातलीच. घरगुती चेहऱ्याची, आत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन.

आणि शब्दशः नकोशी स्पोर्ट्स कार हवी असेल तर ती आपल्या शेजारी गोव्यात बनली. सॅन स्टॉर्म, १९९८ च्या सुमाराची. दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची, रेनोचं ११४९ सीसी आणि ६० अश्वशक्तीचं इंजिन. तिचं आरेखन केलेल्या फ्रेंच कंपनीचं नाव ल मान्स ग्रुप, हा योगायोग कुणाला रचूनही जमला नसता. दिसायला स्पोर्ट्स कार आणि पळायला हॅचबॅक, म्हणून ती कुणालाच पटली नाही. साठ अश्वशक्तीची हलकी गाडी ब्रेक आणि टायर जपते, पेट्रोल कमी पिते. चौदा तासांच्या शर्यतीला ती काही वाईट निवड नाही. फक्त सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतील. शहाणा माणूस जुनी एस्टीम शोधेल. १३०० सीसी, ट्रॅकवर वर्षानुवर्षं पारखलेली, आणि भाग गल्लोगल्ली.

भाग शोधायचे तर कोलकात्याइतकं सोयीचं शहर कमी. पार्क स्ट्रीटच्या टोकाला मल्लिक बाजार आहे; जुन्या गाड्यांची इंजिनं, दारं, दिवे, गिअरबॉक्स यांचे ढीगच्या ढीग. १५ वर्षांवरची व्यावसायिक वाहनं महानगरातून हटवण्याचा न्यायालयीन आदेश २००९ मध्ये अमलात आला आणि जुन्या टॅक्सी-बसचा मोठा साठा मोडीत निघाला. हात आहेत, लोखंड आहे.

नाही तो ट्रॅक. बराकपूरच्या पट्टीवर शर्यती होत नाहीत. सौरव गांगुलीने २०२४ मध्ये इंडियन रेसिंग लीगचा कोलकात्याचा संघ घेतला, त्याचं नाव कोलकाता रॉयल टायगर्स. पण या वाघांना धावायला बंगालमध्ये एक किलोमीटरही नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरचा करी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, सगळे लांब. कोलकात्याहून चेन्नई दीड हजार किलोमीटरहून जास्त. आणि केज घातलेली गाडी रस्त्याने चालवत नेता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते उचलून धरलं. म्हणजे ट्रेलर आला, भाडं आलं.

पण लांब का असेनात, देशात ट्रॅक आहेत. अमेरिकेत तरी काय वेगळं होतं? तिथे ट्रॅक आधीपासून होते, जुन्या गाड्याही होत्या. नव्हता तो पैशाला लगाम घालणारा नियम. आपल्याकडेही तोच नाही. आपल्याकडच्या शर्यती एक तर कंपनीच्या एकसारख्या गाड्यांच्या, नाहीतर ज्याचा खिसा मोठा त्याच्या. ब्रिटनमध्ये सिट्रोएनच्या छोट्या सी-वन गाड्यांची चोवीस तासांची शर्यत लागते आणि तिला गिऱ्हाईक कमी पडत नाही. आपल्या मोटर स्पोर्ट क्लबांनी करी स्पीडवेवर वर्षातून एकदा सहा तासांची शर्यत लावावी. गाडीची मर्यादा एक लाख, सुरक्षा आणि ब्रेक त्याबाहेर, आणि शर्यतीनंतर कोणतीही गाडी एक लाखाला उचलायचा आयोजकांचा हक्क. एवढा नियम लिहायला कागदाचं एक पान पुरेल. तो निघाला तर पहिल्या वर्षी वीस गाड्या सहज उभ्या राहतील.