बोनविरेचा बेत

आमच्या घरी महेश्वरी साडी हा नेसण्याइतकाच अभ्यासाचाही विषय आहे. शाळेची नोकरी सोडल्यानंतर सौ.ने महेश्वरच्या विणकरांकडे दोन हिवाळे काढले. तेव्हापासून ताणा, बाणा, धोटा हे शब्द आमच्या जेवणाच्या टेबलावर औषधांच्या नावांइतकेच सहज वावरतात. त्यामुळे पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, बोनविरे या विणकरांच्या गावी आठ दिवस जाऊन यावे, ही कल्पना तिचीच होती यात नवल नाही. युरोप-अमेरिका करून आलेल्या इंदूरच्या आप्तेष्टांनी "आफ्रिकेत? कशाला?" असे विचारले आणि तिचा निश्चय अधिकच पक्का झाला.

बोनविरे हे कुमासी शहराजवळचे असांते लोकांचे गाव. तेथे 'केंते' विणतात. वीतभरही रुंद नसलेल्या लांब पट्ट्या मागावर विणायच्या आणि काठाला काठ शिवून त्यांचे अखंड वस्त्र करायचे, अशी ही रीत. विणणारे परंपरेने पुरुषच. प्रत्येक नक्षीला नाव असते, आणि ते काळाबरोबर बदलूही शकते. १९५७ च्या अखेरीस घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी इजिप्तच्या फाथियांशी विवाह केला, तेव्हा एका नक्षीला 'फाथिया एन्क्रुमाला शोभते' अशा अर्थाचे नाव मिळाले. १९६६ मध्ये त्यांची सत्ता उलथली गेली आणि तीच नक्षी 'एकट्याने राज्य चालत नाही' या नावाने ओळखली जाऊ लागली. विणकराने केलेले याहून नेमके राजकीय भाष्य माझ्या वाचनात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंतेची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

बेत आखताना आम्ही त्यांचे पंचांगच पुढ्यात घेतले. असांते कालगणनेचे चक्र ४२ दिवसांचे. त्यानुसार दर सहा आठवड्यांनी एका रविवारी कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात 'अक्वासिदाए' हा सोहळा होतो आणि केंते ल्यालेले मानकरी तेथे पाहावयास मिळतात. तो रविवार मधोमध धरून उरलेले दिवस बोनविरेसाठी ठेवले. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हा तेथला शिष्टाचार आपल्याला शिकवावा लागत नाही. गावच्या प्रमुखाच्या भेटीस जाताना मात्र मद्याची बाटली न्यावी लागते. शाकाहारी, निर्व्यसनी सौ.ला ही खरेदी करावी लागणार म्हणून मुलांनी पुष्कळ थट्टा केली.

हिवतापाचा धोका तेथे बाराही महिने असतो आणि तोही फाल्सिपेरमचा. डॉक्सिसायक्लिन घेतल्यास परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावे लागते, हे आपणा डॉक्टरांना सांगणे नको. खरा अडसर आला तो पीतज्वराच्या लसीचा. घानात प्रवेशासाठी तिचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि जुलै २०१६ पासून आजन्म चालते. प्रमाणपत्राविना परतणाऱ्यास आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते, कारण हा रोग आपल्या देशात नसला तरी तो पसरवणारा एडीस डास घरोघरी आहे.

लसीकरण केंद्रातील अर्जावर एक प्रश्न होता: थायमस ग्रंथीचा विकार किंवा शस्त्रक्रिया? माझे पेन थबकले. १९९८ साली सौ.ची थायमस ग्रंथी मायस्थेनिया ग्रेव्हिसपायी काढावी लागली होती. गेली अनेक वर्षे तिला औषधाचीही गरज पडलेली नाही, आणि मी, घरचाच डॉक्टर, ते साफ विसरलो होतो. तिकिटे काढून झाली होती. लस जिवंत विषाणूची. तिच्या अत्यंत विरळ पण घातक अंतर्गत दुष्परिणामाच्या पहिल्या २३ रुग्णांपैकी ४ जणांना थायमसचा विकार होता. साठीनंतरही हा धोका वाढतो. आपल्या सोसायटीतील ज्येष्ठांनी हे ध्यानात ठेवावे.

वैद्यकीय कारणास्तव लसीतून सूट देणारे पत्र मिळू शकते. एका स्नेह्याने "ते घ्या आणि चला" असे सुचवलेही. पण पत्राने डास थोडाच अडतो? ज्या १७डी विषाणूची ही लस आहे, तो १९२७ साली त्याच भूमीतील, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधील, असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून मिळालेल्या विषाणूपासून तयार झाला. असिबी वाचला. पुढच्याच वर्षी याच रोगावर संशोधन करणारे हिदेयो नोगुची आक्रा येथे त्याच रोगाने गेले. हे मी तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

"अहो, मग तुम्ही तरी जा," ती म्हणाली, "पण नुसते फोटो काढून येऊ नका."

मला साठी गाठायला अजून आठ महिने आहेत. लस मी एकट्यानेच घेतली. तिने वहीत बारा प्रश्न लिहून दिले आहेत. पहिला असा: शिवताना नक्षी शेजारच्या पट्टीशी तंतोतंत जुळावी म्हणून विणकर मागावर अंतर कशाने मोजतो? त्यांतील निम्मे प्रश्न मला कळत नाहीत. सध्या दवाखाना आटोपल्यावर रोज रात्री तिच्या लहान मागापुढे बसून मी ते समजून घेत असतो. काल धागा दोनदा तुटला.