दोन कान, दोन माइक!

आजीच्या ओव्या, गावच्या देवळातलं भजन, गणपतीतली घरची आरती... मोबाइलवर रेकॉर्ड तर आपण सगळेच करतो. पण नंतर तेच हेडफोन लावून ऐका. टाळ, झांजा, काकांचा चढलेला सूर, सगळं एकाच जागी कोंबल्यासारखं वाटतं. कोण कुठे उभं होतं, काही कळत नाही.

कारण साधं आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्या कानात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. फोनचा साधा व्हॉइस रेकॉर्डर मात्र बहुतेकदा एकाच कानाने ऐकतो. दुसरा कान आपण घरी बनवू शकतो, तोही दोन-तीनशे रुपयांत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा आणि ‘कंडेन्सर माइक’ मागा. शर्टाच्या बटणाएवढी गोल डबी मिळेल. हा इलेक्ट्रेट माइक 1962 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी शोधला. एकाच जातीच्या दोन डब्या घ्या. सोबत 3.5 मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि शिल्डेड वायर.

डबीच्या मागे दोन टोकं असतात. जे बाहेरच्या धातूला जोडलेलं दिसतं, ते ग्राउंड. दोन्ही डब्यांचं ग्राउंड आणि वायरची जाळी पिनच्या सर्वांत मागच्या भागाला. डाव्या माइकचं दुसरं टोक पिनच्या टोकाला, उजव्याचं मधल्या कड्याला. सोल्डर दोन-तीन सेकंदांत उरका, जास्त तापलं की डबी गेलीच म्हणून समजा.

आता महत्त्वाचं. ही पिन फोनमध्ये चालणार नाही, कारण हेडफोनच्या जॅकमध्ये माइकची लाइन एकच असते. स्टिरिओ माइक इनपुट आणि ‘प्लग-इन पॉवर’ असलेला रेकॉर्डर लागतो. डब्यांना लागणारे दोन-तीन व्होल्ट तोच पुरवतो. स्वतःचा नसेल तर मित्राकडून किंवा कॉलेजकडून मागून आणा.

दोन्ही माइक टोपीच्या दोन बाजूंना, कानांपाशी लावा. मधे आपलं डोकं असतं, त्यामुळे रेकॉर्डिंग जवळपास आपण ऐकतो तसंच येतं. वाऱ्यासाठी वरून फोमचा तुकडा चढवा. मर्यादाही आहेत. अगदी शांत खोलीत थोडी ‘स्स्स’ ऐकू येईल आणि ढोल-ताशाच्या अगदी जवळ गेलात तर आवाज फाटेल. तिथे चार पावलं मागे राहिलेलं बरं.

हा खटाटोप कशासाठी? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, म्हणून आज त्या आपल्यापाशी आहेत. पण तुमच्या आजीची ओवी, जात्याची घरघर, मागच्या परसातला कोंबडा, हे टिपायला तुमच्या घरी दुसरं कोण येणार?

तेव्हा येत्या सुट्टीत गावी जाताना टोपी सोबत घ्या. आजीला आधी विचारा, मग बटण दाबा. आणि सुरुवातीला तिचं नाव, गाव, तारीख तिच्याच तोंडून म्हणवून घ्या.