जमिनीतली ओल आणि सोन्याची खाण

पाऊस किती पडला, हे मंडळाच्या पर्जन्यमापकावरून कळते. पण पीक जगते ते ओलीवर. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी घ्या. पेरणीनंतर फारसा पाऊस नसतो; जमिनीत साठलेल्या ओलीवरच कणीस भरते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगाचे साधारण २०० मिलिमीटर पाणी मावते, तर फूटभर खोल मुरमाड जमिनीत त्याच्या चौथाईही नाही. आणि या दोन्ही जमिनी कधी कधी एकाच शेतात असतात.

मग नेमकी ओल शोधायची कशी? मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला दिवसभर वाळवला, की वजनातली घट म्हणजे पाणी. पण पावलापावलावर खड्डा कोण खणणार?

इथे सोन्याची खाण मदतीला येते. मोजक्या छिद्रांवरून खाणीत सोने कुठे किती असेल, याचा अंदाज दक्षिण आफ्रिकेतले अभियंते डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये संख्याशास्त्राने मांडला. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेरॉन यांनी त्याचे शास्त्र रचले आणि पद्धतीला 'क्रिगिंग' नाव दिले.

तीच रीत मातीला लागू पडते. नमुन्यांच्या जोड्या लावायच्या. दहा मीटरवरच्या जोड्यांत फरक किती, पन्नास मीटरवरच्या जोड्यांत किती, याचा आलेख काढायचा. अंतर वाढते तसा फरक वाढतो आणि एका टप्प्यावर स्थिरावतो. त्यापलीकडचा नमुना आपल्या जागेविषयी काहीच सांगत नाही. न खणलेल्या जागेचा अंदाज काढताना या आलेखावरून प्रत्येक शेजारी नमुन्याला महत्त्व द्यायचे. चार नमुने एकाच कोपऱ्यात दाटले असतील, तर ते एकच गोष्ट चारदा सांगतात. त्यांचे महत्त्व आपोआप घटते.

मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. अंदाज कुठे कितपत भरवशाचा आहे, हेही ती सांगते. म्हणजे पुढचा खड्डा कुठे खणायचा, ते कळते.

अर्थात ओल रोज बदलते. म्हणून जमिनीची खोली आणि चिकणमातीचे प्रमाण, या टिकणाऱ्या गोष्टींचा नकाशा आधी करावा. नाला किंवा बांध आला, की जमीन एकदम पालटते. तिथे आलेखावर आंधळा विश्वास नको.

मित्रहो, माती तपासायला देताना नाल्याकाठची आणि माळावरची माती एकत्र कालवू नका. त्यातून निघणारी सरासरी तुमच्या शेतात कुठेच नसते.